शेवट लय भारी

पुण्यात राहणाऱ्या माझ्या लेकानं, प्रज्ञेशनं, आमच्या हट्टा गावच्या घरी टीव्हीवर सिनेमाचं ॲप घेऊन दिलं. त्यात एक प्रोफाइल त्याचं, एक माझं. दर रविवारी फोनवर मी त्याला एक सिनेमा सुचवतो.

"मागचा पाहिलास का रे? माझी आवड जुनी. कंटाळा तर न्हाई आला?"

"न्हाई ओ बाबा, पाहिला की! शेवट तर लय भारी!"

काल चुकून माझ्याऐवजी त्याचं प्रोफाइल उघडलं. मी सुचवलेले सातही सिनेमे तिथं होते, प्रत्येक चौथ्या-पाचव्या मिनिटाला थांबलेला.



आज सकाळपासून मी ते त्याच्याच प्रोफाइलवर एकेक करून शेवटपर्यंत चालवतोय. लेकरू खोटं पडू नये.