एका शून्यापुढे

"इथं तुला किती आपलं वाटतं?" या प्रश्नाला मुलींनी बिननावाच्या चिठ्ठ्यांवर दहापैकी गुण दिले होते. सरासरी आली नऊ. रेक्टर दमयंतीबाईंचा चेहरा खुलला. "आमचं वसतिगृह म्हणजे माहेरच हो, सर!"

गणिताचे पेडणेकर सर घुटमळले. "ही बेरजेची सरासरी. मी सहज भूमितीमध्यही काढला. त्यात गुण एकमेकांना गुणायचे, मग मूळ काढायचं. उत्तर आलं शून्य."

"काहीतरीच!"

"एकीनं शून्य दिलंय, बाई. गुणाकारात एकच शून्य सगळ्यांना गिळतं. अशा वेळी ही पद्धत वापरतच नाहीत. सोडून द्या."

बाईंनी ती चिठ्ठी शोधून हातात घेतली. बेरजेत जी पोर कुठं दिसलीसुद्धा नव्हती, तिनं गुणाकारात सगळ्यांचे नऊ-दहा एका फटक्यात पुसून टाकले होते.

संध्याकाळच्या पंगतीला त्यांनी पदर खोचला आणि वाढपिणीच्या हातून वरणाचं पातेलं घेतलं. चिठ्ठीवर नाव नव्हतं. म्हणून बाई प्रत्येक ताटापुढे वाकल्या, "अजून वाढू का गं, बाळा?" म्हणाल्या, आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत असं पाहिलं, जणू शून्य देणारी हीच.