चुकलेला घड

सारिका मॅडमनी चित्रांचं पुस्तक वर्गाकडे धरलं. केळीच्या झाडाखाली माकड उभं होतं. "व्हॉट इज धिस?"

दुसरीचा वर्ग रोजच्यासारखा गप्प. जूनपासून इंग्रजीच्या तासाला सगळे नुसत्या माना डोलवायचे, तोंड कोणी उघडत नव्हतं.

तेवढ्यात ऋतिका ताडकन उठली आणि घरच्या अहिराणीत म्हणाली, "मॅडम, हाई चुकीनं शे!"

"इंग्लिशमध्ये सांग."

ती अडखळली. मग तरातरा पुढे आली आणि चित्रातल्या घडावर बोट ठेवलं. "नो मॅडम! बनाना नो डाऊन. बनाना अप!"

मॅडमनी नीट पाहिलं. चित्रात केळ्यांची टोकं जमिनीकडे लोंबत होती. खिडकीबाहेरच्या मळ्यात प्रत्येक घडातली केळी वर वळलेली होती. तोवर अख्खा वर्ग उभा राहून ओरडत होता, "बनाना अप! अप! अप!"

गलका ऐकून मुख्याध्यापक धावत आले. चित्र पाहून म्हणाले, "छापणाऱ्यानं केळीचा मळा कधी पाहिला नाही वाटतं. परत पाठवू, दुसरं चांगलं मागवू."

मॅडमनी पुस्तक चटकन पाठीमागे लपवलं.

"नको सर. मागवायचंच असेल, तर असंच एखादं चुकलेलं मागवा."