भरपाईचं गोत

भरपाई पायऱ्या चढून थेट चौपालीवर, पंचांच्या बैठकीच्या ओट्यावर आली, तेव्हा हुक्क्याभोवतीच्या सगळ्यांनी माना वळवल्या. बाईनं तिथं पाय ठेवायची गावात रीत नव्हती.

"काकी, खाली उतर," पंचायतीचा प्रधान रिसाल सिंह म्हणाला. "निकाल झालाय."

"तोच पुन्हा सांग. माझ्या तोंडावर सांग."

रिसालनं सांगितला. भरपाईच्या नातीनं, रितूनं, शेजारच्या गावच्या जिले सिंहच्या पोराशी, सोमबीरशी, कोर्टात लग्न लावलं होतं. दोघांचं गोत एकच, रिसालचंही तेच, म्हणजे दोघं बहीणभाऊ. आठ दिवसांत रितूनं त्याच्या हाताला राखी बांधायची. नाहीतर दोन्ही घरांचं हुक्कापाणी बंद, आणि पोरांचं जे होईल त्याला पंचायत जबाबदार नाही.

"तिसरा महिना चाललाय तिला," भरपाई म्हणाली. "पोटातलं लेकरू सोमबीरला काय, मामा म्हणेल?"

कुणीतरी फिसकन हसलं. तिचा मुलगा दयाचंद, रितूचा बाप, मान खाली घालून बसला होता. तो एक शब्द बोलेना, तसं तिचं डोकं आणखीच भडकलं. तिनं तोंडावरचा पदर मागं भिरकावला.

"गोत, गोत, गोत! अरे, ती पोर तुमच्या गोताची नाहीच. हा दयाचंद माझ्या नवऱ्याचा नाही."

रिसालनं हुक्क्याची नळी खाली ठेवली.

"मग कुणाचा?" त्यानं विचारलं.

"मेला तो. नाव घेऊन काय करणारेस, ओवाळणारेस?"

दयाचंद ताडकन उठला. "आई, काय बोलतेस हे!"

"खाली बस. इतका वेळ तोंड शिवून बसलास, आता कशाला उसवतोस?"

रिसाल लालबुंद झाला. मागच्या हिवाळ्यात रोहतकच्या एका प्राध्यापकानं गावातल्या म्हाताऱ्यांची थुंकी तपासायला नेली होती. रिसालचा वंश आर-वन-ए निघाला. बापाकडून फक्त मुलाकडं जाणारी, हजारो वर्षांपूर्वी आर्यांबरोबर इकडं आली म्हणतात ती ओळ. तेव्हापासून प्रत्येक लग्नात रिसाल तेच ऐकवत होता.

"बोलाव त्या मास्तरला," तो गरजला. "माझी, जिलेची, दयाचंदची, तिघांची ओळ ताडून बघू दे. म्हातारी खोटी निघाली तर गाढवावरून धिंड काढीन."

"काढ. पण तोवर पोरांच्या केसाला धक्का लागला तर चौपालीला काडी लावीन."

तपासणीचा निकाल यायला पाच आठवडे लागले. दयाचंदनं आपली खाट म्हशींच्या गोठ्यात नेऊन टाकली. तो आईच्या हातचं ताकही घेईना.

प्राध्यापकानं कागद चौपालीवरच वाचला. रिसाल आणि जिले एकाच पूर्वजाचे, आर-वन-ए. दयाचंदची ओळ साफ वेगळी. या दोघांशी तिचा हजारो वर्षांत संबंध नाही.

"पुन्हा वाच ते," भरपाई म्हणाली. रिसाल पचकन थुंकला. "लग्न खरं," तो म्हणाला. "आमच्या गोतातली नाहीच ती." आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला.

घरी येताच दयाचंदनं दार लावून घेतलं.

"पोरगी वाचली, ठीक. आता मला सांग. कोण होता तो?"

"मला काय माहीत?"

"आई! अख्ख्या गावासमोर कबूल केलंस, आणि आता..."

"खोटं बोलले रे मी," भरपाई म्हणाली. "तू तुझ्या बापाचाच आहेस. तुझा बाप कुणाचा, ते माझ्या सासूला विचारायला हवं होतं."