कोरी मुळं

सुनेने तिसरं मूळ काचपट्टीवर ठेवलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवली. सासरे तिच्यासाठी चहा घेऊन आले होते, ते दारातच थबकले. कपातल्या चहावर साय धरली.

"बाबा, ह्यातही नाही," ती म्हणाली. "बुरशी धरली असती तर मुळाच्या आत निळे धागे दिसले असते. सगळी मुळं शाईत बुडवून काढलीत मी. एकसुद्धा धागा नाही."

खिडकीबाहेर तिच्या चाचणीतल्या लिंबाच्या रोपांच्या सहा ओळी होत्या; खताऐवजी मुळात राहून झाडाला मातीतलं अन्न पुरवणारी बुरशी तिने त्यांना लावली होती. हिरव्यागार, कमरेएवढ्या. तिथूनच कलमं बांधणाऱ्या बाईने आत डोकावलं.

"सूनबाई, आत काय बघत बसलात? रोपं बघा की! मालक म्हणायचे, बुरशी चपलांना लागते, झाडांना कशाला लावायची! आता बोला म्हणावं."

ती हसत निघून गेली. सासऱ्यांनी मान खाली घातली. तो विनोद त्यांचाच होता. त्यावर सगळी रोपवाटिका हसली होती आणि सूनही कसनुसं हसली होती.

"रोपं एवढी जोमदार आणि मुळं कोरी," सून म्हणाली. "उद्या चाचणीला पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं बघायला येतील. त्यांना काय सांगू? बुरशी मी स्वतः वाढवलेली. तीच फसली, असं लिहून द्यावं लागेल."

तिने वही ओढली. पेनाचं टोपण काढलं.

"थांब," सासरे म्हणाले. "मी खत टाकलंय."

ती वळली.

"सुपर फॉस्फेट. रोपाच्या प्रत्येक पिशवीत चिमूटभर. दर पंधरा दिवसांनी, सगळे जेवायला गेले की."

"सगळ्या ओळींना?"

"सगळ्या. दुजाभाव नको म्हणून."

तिने डोळे मिटले, उघडले. "बाबा, मुळाला असं आयतं मिळायला लागलं की ते बुरशीला आत घेतच नाही. सुरुवातीला रोपं खुरटी दिसतील, घाबरू नका, हे मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"लोक हसत होते तुला. मला बघवेना."

"म्हणजे माझी कीव आली."

ते कप ठेवायला जागा शोधू लागले. टेबलावर भरपूर जागा होती.

तिने वहीत तीन ओळी लिहिल्या आणि वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी चष्मा लावला. 'सहाही ओळींना रासायनिक खत चुकून दिले गेले. चाचणी रद्द. बुरशीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.'

"रद्द म्हणजे गं?"

"म्हणजे पुन्हा बी पेरण्यापासून. दोन वर्षं गेली." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी त्या ओळी पुन्हा वाचल्या. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

"पेन दे जरा."

'चुकून' ह्या शब्दावर त्यांनी हळूच आडवी रेघ मारली. वहीत खाडाखोड केली की शेजारी सही करायची, हा नियम ह्या खोलीत तिनेच घालून दिला होता. तेव्हा त्यांनी तिला 'साहेब' म्हणून चिडवलं होतं.

आता त्यांनी रेघेशेजारी सही केली, पूर्ण नावानिशी. शाई वाळेपर्यंत तिने पान उलटलं नाही.