जॉबरचे कान
दिनांक १६ मे २००६, दुपारी दोन वाजता, भिवंडीतील धामणकर नाक्यामागच्या यंत्रमाग कारखान्यात वीज गेली. चोवीस माग थांबताच कामगार मोठ्याने बोलू लागले. माग दुरुस्त करणारा जॉबर विठू मात्र हातवारेच करत राहिला. एरवी गडगडाटात सगळेच खुणांनी बोलत, म्हणून त्याचे बहिरेपण कुणाला कळले नव्हते. मागाच्या आवाजावरून बिघाड आधीच ओळखणारा कारखान्यात तो एकटाच होता. तरी महिनाभरात सहा माग मोडले होते. मालक देवेशशेठनी पाठीमागून दोनदा हाक मारली. विठू वळला नाही. सुताच्या कांड्या भरणारी कमळ म्हणाली, “शेट, आवाज लागू नये म्हनून कानात घालाया बोळं मागलेलं त्यानं. तुमी बोललात, कान काय लूमचा पार्ट हाय?” सगळे हसले. त्यांना पाहून विठूही हसला. “यानं सहा लूम मोडले. उद्यापासून ड्युटी बंद,” शेठ म्हणाले. विठूने हसत मान डोलावली. कमळ उठली. “त्यानं न्हाय शेट, तुमी मोडलेत.”