अकराचा पुकारा

पाचव्यांदा हँडल मारलं, तेव्हा गाडीनं नुसती कूस बदलल्यासारखं केलं आणि पुन्हा गप्प झाली.

भगवंतरावांनी गारठलेल्या बोटांवर फुंकर घातली. पौषातली सकाळ. धामणगाव बढ्याच्या शिवारात दव असं पडलं होतं, की गाडीची काच पुसली तरी पुन्हा दुधाळ व्हायची. डिझेलवरची ही जुनी व्हॅन त्यांनी भाजी बाजारात न्यायला घेतली होती. थंडीत आधी बॅटरी मान टाकायची, मग गाडी.

"एक डाव आणखीन मारून पाह्यतो," ते म्हणाले.

"मारा. हात उखडला का मंग मले सांगा." अन्नपूर्णाबाईंनी इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवलं होतं. रेडिएटरात दोन हंडे कढत पाणी ओतून झालं होतं. "एवढ्या पाण्यात तं आखी गल्ली न्हाली असती."

पण आज मागं हटायचं नव्हतं. अकरा वाजता बुलढाण्याच्या कोर्टात तारीख होती. वडलांनी खोदलेली मळ्यातली विहीर. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली धाकट्या भावानं, गुलाबरावानं, ती आपली म्हणून दावा लावला. आठ वर्षं झाली. मागच्या तारखेला जज्जसाहेब वैतागले. म्हणाले, वकिलांचं पुरे झालं. पुढच्या वेळी दोघं भाऊ स्वतः उभे राहा. जो येणार नाही, त्याची विहीर गेली. आणि नेमकी गावची एस.टी. जत्रेच्या स्पेशलला लावलेली. गाडी निघाली नाही, तर विहीर जाणार आणि विहिरीवरचा सगळा वांग्या-मिरचीचा मळा जाणार.

चाल लागली नाही म्हणून बुवा काही कीर्तन सोडून उठत नाहीत. भगवंतरावांनी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि हँडल पुन्हा खोवलं.

तेवढ्यात बांधावरून गुलाबराव आला. कानाला मफलर, बगलेत कागदांची पिशवी. आठ वर्षांत भाऊ भावाशी बोलला नव्हता. सप्ताहात दोघंही कीर्तन चुकवायचे नाहीत. पण एक विणेकऱ्याच्या उजवीकडे बसायचा, दुसरा डावीकडे.

मजा पाहायला आला, भगवंतरावांना वाटलं.

गुलाबरावानं गाडीभोवती एक फेरा मारला आणि भावाला सोडून वहिनीकडं पाहिलं.

"वहिनी, हँडल मारून काई होत नाई. डिझलच्या नळीत हवा धरली. पाना द्या मले."

"काऊन? राह्यलीसाह्यली मोडाले?"

"गाडी हाये वहिनी, भाकर नाई मोडून खायाले."

अन्नपूर्णाबाईंना आलेलं हसू त्यांनी पदरात दाबलं. पाना भगवंतरावांनीच पुढं केला. विहिरीवरचं ऑइल इंजिन पूर्वी गुलाबरावच सांभाळायचा. त्याला ही विद्या होती. त्यानं नळीचा नट ढिला केला आणि छोटा पंप दाबत राहिला. आधी फेस आला, मग बुडबुडे, शेवटी नुसतं स्वच्छ डिझेल. त्यानं नट आवळला.

"दादा, तू बस. दुसऱ्या गेरात टाक अन् क्लच दाबून ठेव. म्या म्हणलं का सोड."

आठ वर्षांनी 'दादा'. भगवंतराव आत बसले.

उताराच्या तोंडाशी गुलाबरावानं खांदा लावला. अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला.

"पुंडलिक वरदेऽ!" गुलाबराव ओरडला.

"हाऽरि विठ्ठल!" अन्नपूर्णाबाईंच्या तोंडून आपसूक निघालं.

गाडी घरंगळली. "सोड!" क्लच सुटला, गाडीला हिसका बसला, काळ्या धुराचा लोट आला आणि मृदंगावर थापेमागून थाप पडावी तसं इंजिन बोलू लागलं.

अन्नपूर्णाबाई धापा टाकत खिडकीशी आल्या. "त्याले बी तारखेले जायचं हाये, म्हणून आला हा पुळका. जपून राह्यजा."

भगवंतरावांनाही तेच वाटत होतं. तरी त्यांनी पलीकडलं दार उघडलं.

घाट चढून होईपर्यंत दोनच वाक्यं झाली.

"पाय काढू नको. रेस कमी झाली का बंद पडंन."

"मले माईत हाये. गाडी माही हाये."

अकराला दहा कमी असताना ते कोर्टाच्या आवारात शिरले. आवार तळहातासारखं सपाट. पाय काढला की गाडी बंद. बंद पडली की इथं ढकलायला उतार नाही. मागं बाजाराची वांगी भरलेली.

"तू चाल वर," गुलाबराव म्हणाला. "म्या बसतो पाय ठेवून. पुकारा झाला का येतोच. पट्टेवाल्याचा आवाज इथलोक येते."

भगवंतराव घुटमळले. आपण वर गेलो की हा गाडी बंद पाडील? का वांग्यांसकट घेऊन पळेल? पण वेळ नव्हता. ते वर गेले आणि मुद्दाम खिडकीशी उभे राहिले, सगळा कान इंजिनाकडे लावून. ठेका चालू होता, तोवर जिवाला घोर नव्हता.

"भगवंतराव वल्द उकंडराव, हाजिर हो!"

"हाजिर," भगवंतराव म्हणाले.

"गुलाबराव वल्द उकंडराव, हाजिर हो!"

कोणी आलं नाही. जज्जसाहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. दुसरा पुकारा झाला. भगवंतरावांना काय झालं कोण जाणे, त्यांनी खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढलं. "अबे गुलाब! तुह्यं नाव घेऊन राह्यले! मरू दे ते गाडी, ये ना वर!"

पट्टेवाला व्हरांड्यात आला, कठड्याशी उभा राहिला आणि आवार दणाणून सोडत त्यानं तिसरा पुकारा केला.

खाली गुलाबरावानं मान वर करून भावाकडं पाहिलं, आणि ॲक्सिलेटर आणखी दाबला.