वजन बरोबर

"कुणी हलू नका, काटा थरथरतोय!" पोतदार सराफांनी श्वास रोखून सोन्याच्या काट्यावर लेकीची पॉवर बँक ठेवली. ऑनलाइन, निम्म्या किमतीत आलेली. मृणालची एसटी तासाभरात सुटणार होती आणि दोन दिवस गडावर फोन चालणार की नाही, हे आता बाबांच्या पारखीवर होतं.

तीनशे बेचाळीस ग्रॅम! खोक्यावर छापलंय तेवढंच. "अस्सल!" पोतदारांनी मांडीवर थाप मारली. "बिनधास्त ने!"

"अहो," आतून बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या बांगडीत लाख भरलेली असते, तेव्हा नुसत्या वजनावर भुलता का?"

पोतदारांचा हात मांडीवरच राहिला. त्यांनी चिमट्याने फट उचकटली. एवढीशी बॅटरी, बाकी सगळी वाळू.

मृणाल हसत सुटली. "बरं झालं, गडावर जाऊन नाही कळलं! वाटेत दुसरी घेते. माझ्या लग्नातल्या बांगड्या मात्र आईच पारखणार हं, बाबा!"